रत्नागिरी फिरायला जाताय? आधी किलोमीटर नाही, भरती-ओहोटी बघा

रत्नागिरीचा बेत ठरला की आपण पहिल्यांदा मोबाईलवर नकाशा उघडतो. दोन ठिकाणांमधलं अंतर दिसतं वीस किलोमीटर, म्हणजे अर्धा तास, असा हिशोब होतो आणि एका दिवसात सहा ठिकाणं बसवली जातात. प्रत्यक्षात मध्ये खाडी येते, घाटवळणं येतात, फेरीबोटीची वाट बघावी लागते, आणि दुपारी अडीचला जेवणाची खानावळ बंद झालेली असते.

हा त्रास तसा किरकोळच. खरा धोका पाण्याजवळ आहे. गणपतीपुळे आणि आरे-वारे इथे पर्यटक बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. त्यातले बरेच जण पोहायला गेलेलेसुद्धा नसतात, गुडघाभर पाण्यात उभे असतात.

म्हणून या लेखात "बघण्यासारखी दहा ठिकाणं" अशी यादी नाही. कुठे, कधी आणि कसं जायचं, याचा हिशोब आहे. हा हिशोब एकदा कळला की कोकणातला कुठलाही किनारा तुम्ही नीट फिरू शकता.

कोकणात अंतर फसवं का असतं?

रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा बघितला तर सह्याद्रीतून निघालेल्या नद्या पश्चिमेला समुद्रात जाताना दिसतात. उत्तरेकडून दक्षिणेकडे आलो तर सावित्री, जोग, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी. प्रत्येक नदीच्या मुखाशी खाडी आहे, आणि दोन खाड्यांच्या मध्ये डोंगर, सडा आणि किनारा.

त्यामुळे समोर दिसणारं गाव जवळ असेलच असं नाही. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडचं धोपावे हाकेच्या अंतरावर वाटतं. गाडीने रस्त्यावरून जायचं तर मात्र चिपळूणकडून मोठा वळसा पडतो. फेरीबोटीने तोच प्रवास काही मिनिटांचा होतो.

गाड्या नेणाऱ्या तीन फेरीबोटी इथे महत्त्वाच्या आहेत:

- वेसवी ते बागमांडला, सावित्री नदीवर. ही रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांना जोडते.
- दाभोळ ते धोपावे, वाशिष्ठीवर. दापोलीकडून गुहागरला जायला.
- तवसाळ ते जयगड, शास्त्री नदीवर. गुहागरकडून गणपतीपुळे आणि रत्नागिरीला यायला.

बोटीत बहुतेक सगळ्या गाड्या सहज जातात. पण शेवटची फेरी किती वाजता, हे निघण्याआधी फोन करून विचारा. हंगामाप्रमाणे आणि हवामानाप्रमाणे वेळ बदलते. लांब सुट्ट्यांमध्ये धक्क्यावर गाड्यांची रांग लागते, तेव्हा तासभर जास्तीचा धरा. शेवटची बोट चुकलीच तर जयगडच्या बाबतीत आत राई-भातगाव पुलाचा रस्ता आहे. पण अंधारात अनोळखी वळणांवरून जाण्यापेक्षा अलीकडेच मुक्काम केलेला बरा.

किनाऱ्याच्या रस्त्यावर तासाला तीस किलोमीटर हा हिशोब धरला, तर सहसा चुकत नाही.

कुठल्या स्टेशनला उतरायचं?

कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पूर्ण मार्गावर सुरू झाली. ही रेल्वे किनाऱ्याने नाही, आतल्या बाजूने जाते, हे लक्षात ठेवा. "रत्नागिरीला जायचंय" म्हणून सरसकट रत्नागिरीचं तिकीट काढलं, तर काही वेळा चाळीस-पन्नास किलोमीटर मागे यावं लागतं.

- दापोली, मुरुड, हर्णै, आंजर्ले: खेडला उतरा.
- गुहागर, वेळणेश्वर, हेदवी: चिपळूणला उतरा.
- रत्नागिरी शहर, गणपतीपुळे, जयगड, पावस: रत्नागिरीला उतरा.
- राजापूर गाव: राजापूर रोड स्टेशन गावापासून बरंच लांब आहे, पुढच्या वाहनाची सोय आधी करून ठेवा.

रत्नागिरी स्टेशनसुद्धा शहरात नाही. ते कुवारबावजवळ, शहरापासून सहा-सात किलोमीटरवर आहे. बाहेर रिक्षा मिळतात, एसटीही मिळते. रात्री उशिराच्या गाडीने येणार असाल, तर जिथे उतरणार त्या घरच्यांनाच रिक्षा सांगून ठेवायला सांगा.

आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. गणपती, दिवाळी, नाताळ आणि मे महिना यांची तिकिटं पहिल्या काही मिनिटांत संपतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक लागू होतं. गाड्यांचा वेग कमी केला जातो आणि वेळा बदलतात. त्यामुळे जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच्या प्रवासात जुन्या वेळा गृहीत धरू नका.

गाडीने येत असाल तर मुंबई-गोवा महामार्ग रत्नागिरी शहरातून जात नाही. हातखंब्याच्या तिठ्यावरून आत वळावं लागतं. पुण्याहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला येता येतं, कोल्हापूरहून आंबा घाटाने थेट रत्नागिरीला. पावसाळ्यात दोन्ही घाटांत दरड कोसळण्याचे प्रकार होतात. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी घाट सुरू आहे का, ते तपासा.

स्वस्तात फिरायचं असेल तर एसटी अजूनही उत्तम. महिलांना अर्ध तिकीट आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास, या सवलती इथेही आहेत. मात्र खेड्यातल्या किनाऱ्यावर जाणाऱ्या एसटी दिवसातून मोजक्याच असतात. उतरल्याउतरल्या परतीची वेळ कंडक्टरला विचारून घ्या.

भिंतीवरच्या कॅलेंडरवरून भरती कशी काढायची?

ही या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. यासाठी इंटरनेट लागत नाही. कोकणातले दर्यावर्दी आणि मच्छीमार हे गणित पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत.

त्या दिवशीची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती असते. सकाळीही आणि रात्रीही. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी.

उदाहरणं बघू:

- चतुर्थी: चारची पाऊणपट तीन. भरती ३ वाजता, ओहोटी ९ वाजता.
- अष्टमी: आठची पाऊणपट सहा. भरती ६ वाजता, ओहोटी १२ वाजता.
- एकादशी: अकराची पाऊणपट सव्वाआठ. भरती सव्वाआठला, ओहोटी सव्वादोनच्या सुमारास.
- पौर्णिमा आणि अमावास्या: पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती सव्वाअकराला, ओहोटी सव्वापाचच्या सुमारास.

शुद्ध पक्ष असो की वद्य पक्ष, गणित तेच. अर्धा-एक तास इकडेतिकडे होऊ शकतो, पण फिरण्याचा बेत आखायला हे पुरेसं आहे.

हे का जमतं? भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे येते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तितकी पुढे सरकते. तिथीसुद्धा चंद्रावरूनच ठरते. म्हणून तिथी आणि भरती यांचं घड्याळ एकच आहे.

आणखी दोन शब्द माहीत हवेत. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास सूर्य-चंद्राची ओढ एकत्र येते आणि पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाण्याची चढउतार कमी असते, तिला भांगाची भरती म्हणतात. गावात कुणी "आज उधाण आहे" म्हणालं, तर तो गप्पांचा विषय नाही, सूचना आहे.

पाण्यात कधी उतरू नये?

आता हे गणित गणपतीपुळ्याला लावून बघा.

संकष्टी, अंगारकी, विनायकी या सगळ्या चतुर्थी. मंदिरात सर्वाधिक गर्दी याच दिवशी. चतुर्थीला भरती असते दुपारी तीनच्या सुमारास. म्हणजे तीनपासून रात्री नऊपर्यंत पाणी ओसरत असतं. दर्शन झालं, जेवण झालं, ऊन उतरलं की माणसं चार-पाचला समुद्रात उतरतात, नेमकी ओहोटी सुरू असताना. संकष्टीचा चंद्रोदय रात्री असतो, म्हणून तोवरचा वेळही किनाऱ्यावरच जातो. गर्दीची वेळ आणि ओसरत्या पाण्याची वेळ एकच येते.

खुल्या समुद्राच्या किनाऱ्यावर लाटांनी आणलेलं पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने बाहेर जातं. त्यालाच "पाण्याला ओढ आहे" असं म्हणतात. ही ओढ ओहोटीत बरेचदा वाढते. पायाखालची वाळू सरकते, तोल जातो, आणि माणूस ओढला जातो. चांगलं पोहता येणाराही किनाऱ्याकडे सरळ पोहत राहिला तर दमतो आणि बुडतो.

ओढ कशी ओळखायची? दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधल्या एका पट्ट्यात पाणी शांत, गढूळ दिसतं. अनेकांना तीच जागा सुरक्षित वाटते. तिथेच जायचं नाही.

भरती की ओहोटी, हे वाळूवरूनही कळतं. पाण्याच्या रेषेच्या वर ओल्या वाळूचा रुंद पट्टा असेल तर पाणी उतरतंय. प्रत्येक लाट कोरड्या वाळूला नव्याने भिजवत असेल तर पाणी चढतंय.

काही नियम पक्के ठेवा:

- ओहोटी सुरू असताना घोट्यापेक्षा खोल पाण्यात जाऊ नका. मुलांचा हात धरूनही नाही.
- खाडी जिथे समुद्राला मिळते, त्या तोंडाशी कधीच पाण्यात उतरू नका. तिथे ओहोटीला खाडीचं सगळं पाणी बाहेर धावत असतं.
- पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, समुद्र फक्त बघायचा. भरती असो वा ओहोटी.
- दारू पिऊन आणि अंधार पडल्यावर पाण्यात जायचं नाही.
- ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा. ओढीचा पट्टा अरुंद असतो. त्यातून बाहेर पडलात की लाटांबरोबर किनाऱ्याकडे या. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगत राहा, हात वर करून मदत मागा.
- दुसरा कुणी बुडत असेल तर मागोमाग उडी मारू नका. दोरी, रिकामा कॅन, हवा भरलेली ट्यूब, जे तरंगेल ते फेका. जीवरक्षकाला हाक मारा. ११२ वर फोन करा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे.

एकाला वाचवायला गेलेले घरातले दोघे-तिघेही बुडाले, अशा घटना या किनाऱ्यावर झाल्या आहेत. म्हणून शेवटचा नियम सोबतच्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा.

गाडीचंही तेच. ओहोटीला वाळू घट्ट दिसते म्हणून गाडी किनाऱ्यावर नेली जाते, चाकं रुततात आणि भरती येते. मग जेसीबी येईपर्यंत इंजिनात खारं पाणी शिरलेलं असतं. गाडी वाळूवर न्यायचीच नाही.

पहिला दिवस: रत्नागिरी शहर

बरेच जण शहर टाळून थेट गणपतीपुळ्याला जातात. शहराला एक पूर्ण दिवस द्यावा, असं इथे खूप आहे. फक्त तो दिवस सोमवार नको. राज्य पुरातत्त्व विभागाची संग्रहालयं साधारणपणे सोमवारी बंद असतात.

सकाळी थिबा राजवाडा बघा. ब्रिटिशांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेश जिंकला आणि तिथला शेवटचा राजा थिबा याला कुटुंबासह देशाबाहेर काढलं. १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीत आणलं. हा राजवाडा त्याच्यासाठी १९१० मध्ये बांधून झाला, आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. आपल्या देशात त्याला परत जाता आलं नाही. त्याची समाधीही याच शहरात आहे. राजवाड्याजवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि समुद्र एकत्र दिसतात. संध्याकाळी इथे पुन्हा यायला हरकत नाही.

मग टिळक आळीत जा. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ मध्ये रत्नागिरीत झाला, त्यांचं घर स्मारक म्हणून जपलं आहे. कौलारू छप्पर, लाकडी माडी, जांभ्या दगडाचा वापर, अशा जुन्या कोकणी घराची रचना इथे नीट बघायला मिळते.

तिथून जवळच पतितपावन मंदिर आहे. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध होते. सर्व जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश देणारं हे मंदिर त्यांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून १९३१ मध्ये उभं राहिलं. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

दुपारी एक ते चार शहर झोपलेलं असतं. बरीच दुकानं बंद असतात. हा वेळ जेवणाला आणि विश्रांतीला द्या.

चारनंतर रत्नदुर्ग, म्हणजे भगवती किल्ला. घोड्याच्या नालेसारखा आकार, तिन्ही बाजूंना समुद्र. वर भगवतीचं मंदिर आहे आणि दुसऱ्या टेकडीवर दीपगृह. तटावरून खाली मिरकरवाडा बंदर दिसतं, शेकडो होड्यांचं. तटाला अनेक ठिकाणी कठडा नाही, सेल्फीसाठी कडेला जाऊ नका. किल्ल्याजवळच्या पेठकिल्ला भागात कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे. मुलं बरोबर असतील तर हे चुकवू नका.

सूर्यास्ताला मांडवी. इथली वाळू काळसर आहे, किल्ल्याच्या दुसऱ्या बाजूची पांढरी. म्हणून एका बाजूच्या किनाऱ्याला काळा समुद्र आणि दुसऱ्या बाजूच्या किनाऱ्याला पांढरा समुद्र म्हणतात.

दुसरा दिवस: उत्तरेचा किनारा

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला दोन रस्ते आहेत. महामार्गावरून निवळीमार्गे जाणारा लांबचा, आणि आरे-वारेवरून किनाऱ्याने जाणारा, सुमारे पंचवीस किलोमीटरचा. जाताना किनाऱ्याचा घ्या. आरे-वारेच्या चढावर समुद्र एकदम समोर येतो. फोटोसाठी वळणावर गाडी थांबवू नका, पुढे मोकळी जागा आहे. खालच्या दोन्ही किनाऱ्यांवर पाणी धोकादायक आहे. तिथे वाळूत चालायचं, एवढंच.

गणपतीपुळ्याचं मंदिर पश्चिमेकडे तोंड करून, टेकडीच्या पायथ्याशी, अगदी किनाऱ्याला लागून आहे. इथे टेकडीलाच गणपतीचं रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा देवळाला नाही, टेकडीला घालतात. ती साधारण एक किलोमीटरची होते. वाट फरसबंद आहे पण उन्हात तापते. सकाळी लवकर जा. शक्य असेल तर चतुर्थी आणि शनिवार-रविवार टाळा.

शेजारीच मालगुंड आहे, कवी केशवसुतांचं जन्मगाव. त्यांच्या घराचं स्मारक केलं आहे. मुंबईहून सावंतवाडीला जाणाऱ्या तुतारी एक्सप्रेसचं नाव त्यांच्याच कवितेवरून ठेवलेलं आहे.

पुढे जयगडचा किल्ला, शास्त्री नदीच्या मुखावर. इथून फेरीबोटीने तवसाळला उतरलात की हेदवी आणि वेळणेश्वर गाठता येतं. हेदवीला दशभुज गणेशाचं देऊळ आहे आणि समुद्राकाठी बामणघळ नावाची खडकातली चिंचोळी फट. भरतीच्या वेळी लाट त्या फटीत शिरते आणि पाणी उंच उडतं. ते बघायचं तर भरतीची वेळ गाठावी लागते, म्हणजे पुन्हा तिथीची पाऊणपट. मात्र खडक शेवाळाने निसरडे असतात. फटीपासून लांब, कोरड्या खडकावरच उभं राहा.

तिसरा दिवस: दक्षिणेचा किनारा

भाट्याचा पूल ओलांडला की गर्दी एकदम कमी होते. पावसला स्वामी स्वरूपानंदांचं समाधी मंदिर आहे. जवळच गणेशगुळे, छोटं गाव आणि शांत किनारा. पुढे पूर्णगड, मुचकुंदीच्या मुखावरचा लहानसा, पण तटबंदी चांगली राहिलेला किल्ला. पूल ओलांडून गावखडीचा सुरूबनाचा किनारा, आणि मग कशेळीचं कनकादित्य मंदिर. सूर्याची मंदिरं महाराष्ट्रात फार कमी आहेत, त्यातलं हे एक.

कशेळीच्या सड्यावर हत्तीचं प्रचंड कातळशिल्प आहे. जांभ्या कातळावर कोरलेल्या या आकृतीत आणखी अनेक प्राणी दिसतात. कोकणातली अशी कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यात उक्षी, बारसू, जांभरुण, देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातली ठिकाणंही आहेत.

कातळशिल्पं बघताना तीन गोष्टी. रेषांवर पाय देऊ नका, जांभा झिजतो. फोटो चांगला यावा म्हणून रेषांत खडू किंवा चुना भरू नका. आणि भर दुपारी जाऊ नका. सड्यावर सावली नसते, आणि डोक्यावरच्या उन्हात कोरीवकाम नीट दिसतही नाही. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असताना रेषा उठून दिसतात. गावातल्या माणसाला वाटाड्या म्हणून बरोबर घ्या आणि त्याला पैसे द्या. ही शिल्पं टिकायची असतील तर गावाला त्यांचा उपयोग झाला पाहिजे.

कुठल्या महिन्यात काय?

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी: फिरायला सर्वांत चांगला काळ. हवा कोरडी, समुद्र त्यातल्या त्यात शांत.

फेब्रुवारीअखेर ते एप्रिल: ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाण्याचा काळ. मंडणगड तालुक्यातलं वेळास यासाठी प्रसिद्ध आहे. आंजर्ले, गुहागर, गावखडी इथेही घरटी होतात. पिल्लं कुठल्या दिवशी बाहेर येतील हे कुणी आधी सांगू शकत नाही, म्हणून एक मुक्काम जास्तीचा ठेवा. फ्लॅश वापरायचा नाही, पिल्लांना हात लावायचा नाही. याच दिवसांत शिमगा येतो, तेव्हा ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते. पालखी रस्त्यात आली तर हॉर्न न वाजवता थांबा.

एप्रिल-मे: हापूस. रत्नागिरीसह कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. खात्रीचा आंबा हवा असेल तर महामार्गावरच्या ढिगापेक्षा थेट बागायतदाराकडून पेटी घ्या, आणि सगळी फळं तयार न घेता काही कच्ची मागा, म्हणजे घरी पुरवून खाता येतील. उकाडा मात्र भरपूर असतो.

जून ते सप्टेंबर: वर्षाला तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडणारा हा भाग याच चार महिन्यांत हिरवा होतो. पण मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत समुद्रातले जलक्रीडा आणि बोटींचे कार्यक्रम बंद असतात. जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, तेव्हा ताज्या मोठ्या मासळीचा आग्रह धरू नका. खाडीतली मासळी किंवा सुकट मिळेल.

पावसाळ्यात भरतीचं गणित गावांनाही लागू होतं. वर मुसळधार पाऊस आणि खाली भरती, असं झालं की नदीचं पाणी समुद्रात जायला जागा राहत नाही आणि ते गावात शिरतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा पौर्णिमेला दोनच दिवस राहिले होते. त्यामुळे जोराचा पाऊस आणि उधाण एकत्र असतील, तर चिपळूण, संगमेश्वर, राजापूर अशा नदीकाठच्या बाजारपेठेत मुक्काम आणि गाडी खालच्या भागात ठेवू नका.

राहणं आणि जेवण

किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांत घरगुती राहण्याची सोय असते. जेवण सांगितल्यावरच बनतं, ते कुठे तयार ठेवलेलं नसतं. किती माणसं, शाकाहारी किती, किती वाजता, हे सकाळीच सांगा. ठरवून न जाणं म्हणजे त्यांचं अन्न वाया घालवणं.

मासळी सांगण्याआधी भाव विचारा. सुरमई, पापलेट रोज मिळेलच असं नाही, आणि मिळालं तर महाग असतं. बांगडा, मांदेली, सौंदाळे, तिसऱ्या मागून बघा. शाकाहारी असाल तर उकडीचे मोदक, सोलकढी, हंगामात ओल्या काजूगरांची उसळ आणि फणसाची भाजी.

विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खाली जातं. एप्रिल-मेमध्ये अंघोळीला दोन बादल्या मिळाल्या तर तक्रार करू नका. कचरा परत घेऊन या. लहान ग्रामपंचायतीकडे तुमच्या प्लास्टिकच्या बाटल्यांसाठी फारशी यंत्रणा नसते.

निघण्याआधी हे तपासा

- ज्या दिवसांत जाताय त्या दिवसांच्या तिथी आणि भरतीच्या वेळा कागदावर लिहून ठेवा.
- उतरायचं स्टेशन आणि पुढचं वाहन.
- फेरीबोटीची शेवटची वेळ.
- थोडी रोकड. दऱ्यांत मोबाईलची रेंज जाते, तेव्हा ऑनलाइन पैसे चालत नाहीत.
- महामार्ग सोडण्याआधी पेट्रोल भरून घ्या.
- नकाशा मोबाईलमध्ये उतरवून ठेवा.
- हवामान खात्याचा इशारा आणि घाटाची स्थिती.

आणि एक गोष्ट कुठल्याही ॲपवर मिळत नाही. किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्या माणसाला विचारा, "आज पाणी कसं आहे?" तो "नका उतरू" म्हणाला, तर त्यावर वाद घालू नका. वाळूवर बसा, शहाळं प्या, सूर्यास्त बघा. पाण्यात न उतरताही रत्नागिरी पुरेपूर बघून होते.